तानाका, किनुयो

(२९ नोव्हेंबर १९०९ – २१ मार्च १९७७). जपानी चित्रपट-अभिनेत्री व दिग्दर्शिका. जन्म शिमोनोसेकी येथे. लहानपणी बिवा हे तंतुवाद्य शिकून ओसाकातील मुलींच्या संगीतमंडळीत त्या काम करीत. १९२४ मध्ये शोचिकु या चित्रपट कंपनीत दाखल झाल्या आणि पुढे तिथल्या आघाडीच्या नायिका ठरल्या. जपानचा पहिला यशस्वी बोलपट ‘मादामु तो न्योबो’ (१९३१) हा त्यांच्याच भूमिकेचा.

युद्धानंतर त्या अमेरिकेच्या सदिच्छा दौऱ्यावर गेल्या. १९५० मध्ये परतल्या तेव्हा त्यांचा पाश्चात्त्य पोशाख आणि स्वागताला जमलेल्यांकडे हवेतून फेकलेली चुंबने वृत्तपत्रांना खटकली व बरीच टीका झाली. त्यातून त्यांना सावरले ते दिग्दर्शक केन्जी मिझोगुची यांच्या चित्रपटांनी. ‘साइकाकु इचिदाई ओन्ना’ (१९५२) मध्ये राजदरबारातून रस्त्यावरच्या वेश्येपर्यंत घसरत गेलेली ओहारू त्यांनी तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत एकटीने पेलली. पाठोपाठ ‘उगेत्सु’ (१९५३) व ‘सानशो दायू’ (१९५४) आले.

याच सुमारास त्यांनी स्वतः दिग्दर्शन करायचे ठरवले. पूर्वतयारी म्हणून दिग्दर्शक मिकिओ नारुसे यांच्या हाताखाली साहाय्यकाचे काम केले. मिझोगुचींचा विरोध होता, तरी त्यांचा पहिला चित्रपट ‘कोइबुमी’ (१९५३) पुरा झाला आणि कान महोत्सवातही दाखवला गेला. तानाकांच्या आधी जपानमध्ये ताझुको साकाने या एकाच स्त्रीने कथापट दिग्दर्शित केला होता. पुढच्या ‘त्सुकी वा नोबोरिनु’ (१९५५) ची पटकथा दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांनी सहलेखकासह लिहिलेली होती. १९६२ पर्यंत त्यांनी एकूण सहा चित्रपट केले.

त्यांतला सर्वांत धीट म्हणजे ‘चिबुसा यो एइएन नारे’ (१९५५). स्तनांच्या कर्करोगाने ऐन तिशीत गेलेल्या, तांका हा छोटा जपानी काव्यप्रकार लिहिणाऱ्या कवयित्री फुमिको नाकाजो यांच्या आयुष्यावर तो आधारलेला असून पटकथा सुमिए तानाका या लेखिकेची आहे. शस्त्रक्रियेनंतरही नायिकेची वासना, राग आणि कवितेची भूक जिवंत आहे, हे किनुयो तानाकांनी बिनदिक्कत दाखवले. दया भाकणारी रुग्ण त्यांना रंगवायचीच नव्हती. इतके मोकळे स्त्रीचित्रण त्या काळी जपानबाहेरही दुर्मीळ होते.

अभिनय मात्र थांबला नाही. ‘नारायामा बुशिको’ (१९५८) मधील वृद्ध ओरिन त्यांनी पन्नाशी गाठण्याआधीच साकारली. ‘सानदाकान हाचिबान शोकान’ (१९७४) मध्ये बोर्निओला कुंटणखान्यात विकली गेलेली आणि उतारवयात दारिद्र्यात एकाकी जगणारी ओसाकी त्यांनी उभी केली. त्यासाठी १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक त्यांना मिळाले.

त्यांचे दिग्दर्शन बराच काळ दुर्लक्षित राहिले. २०२१ मध्ये युरोपातील महोत्सवांतून या चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रती दाखवल्या गेल्या, आणि बहुतेक प्रेक्षकांना दिग्दर्शक तानाका तेव्हा प्रथमच भेटल्या.