उणे टक्क्यांचं धरण आणि आळशी गणित

उन्हाळा तापला की सोलापुरात बातमी येते, ‘उजनी उणे तीस टक्के’. पाहुणे विचारतात, शून्याखाली पाणी असतं तरी कसं? उजनीत एकूण साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं 63.6 मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, 53.5 उपयुक्त, आणि टक्केवारी निघते फक्त उपयुक्तवर. म्हणजे उणे तीसलाही धरणात 47 टीएमसीहून जास्त पाणी असतं.

हे वेबपानावर झटकन पटवता येतं. पट्टी सरकवून तारीख बदला. साठा, टक्केवारी, आलेख सगळं हलतं. त्यासाठी ‘आर’ या संगणकी भाषेत 2012 पासून ‘शायनी’ हे अशी वेबपानं बनवण्याचं साधन आहे, आता पायथन भाषेतही आहे.

तारीख बदलल्यावर आत जे घडतं ते मला फार आवडतं. टक्केवारी काढताना कोणकोणत्या किमती वाचल्या, हे शायनी स्वतःच टिपून ठेवतं. बदल झाला की पहिल्या फेरीत गणित शून्य; तारखेवर विसंबलेल्या प्रत्येकावर नुसता ‘शिळं’ असा शिक्का. दुसऱ्या फेरीत पडद्यावर दिसणारा आलेख टक्केवारी मागतो, टक्केवारी साठा मागते, साठा तारीख. कुणी मागितलंच नाही, तर शिळं तसंच पडून राहतं. दोन आलेखांनी एकच टक्केवारी मागितली, तरी ती एकदाच मोजली जाते.

दोन फेऱ्या कशाला? आलेख तारीख आणि टक्केवारी दोन्ही वाचतो. बदल थेट पुढे ढकलला असता, तर नवी तारीख आणि जुनी टक्केवारी असा खोटा आलेख क्षणभर उमटला असता.

आता हेच हिप्परगा आणि कुरनूर या सोलापूरकडच्याच जलाशयांसाठीही हवं. कोडचा तुकडा तीनदा चिकटवला की तीन पट्ट्यांचं नाव ‘तारीख’ होतं आणि ब्राउझर गोंधळतो. शायनीचं मॉड्यूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा कोडचा गठ्ठा, प्रत्येक नावाआधी आडनाव लावतं: ‘उजनी-तारीख’, ‘कुरनूर-तारीख’. कोड एकच, खोल्या तीन. चौथ्या खोलीत पंचांगातलं नक्षत्राचं वाहन आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी मांडा. बेडूक-म्हशीच्या भाकितांचा निकाल आकडेच लावतील. भाकितं ‘एआय डॅशबोर्ड’ म्हणून विकणाऱ्यांनाही हीच परीक्षा लावावी.

खोल्यांमध्ये तुलना करायची, तर शेजारच्या खोलीला आकडा देऊ नका, आकडा काढणारं सूत्रच द्या. शायनीत फरक फक्त सूत्राच्या नावापुढच्या ‘()’ या कंसाचा. कंस लावून पाठवलंत, तर त्या क्षणाचा आकडा जातो. मग उजनी कितीही भरो, तुलनेचा आलेख हलत नाही.