वणवा टेहळणी मनोरे (विदर्भ)

जंगलातल्या आगीचा धूर लांबून दिसावा म्हणून टेकडीवर वा उंचवट्यावर उभारलेले मनोरे. मेळघाट, पेंच, ताडोबा या वनक्षेत्रांत ते आढळतात. जुने मनोरे सागाच्या बल्ल्यांचे, नंतरचे लोखंडी अँगलचे किंवा सिमेंटचे.

विदर्भातले जंगल मुख्यतः पानझडीचे आहे. उन्हाळा लागेपर्यंत सागाच्या पाचोळ्याचा जाड थर जमिनीवर साचतो. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. आग बहुधा जमिनीवरूनच सरकते. शेंड्यांवरून पळणारी आग इथे क्वचित. ती लागते बहुतेक माणसाच्या हातून. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून जाळतात, शेताच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) काडीकचरा पेटवला की आग जंगलात शिरते.

मनोऱ्यावर बसणारा फायर वॉचर सहसा जवळच्या गावचा हंगामी मजूर असतो. धूर दिसला की तो दिशा आणि अंदाजे अंतर वनरक्षकाला कळवतो. दोन मनोऱ्यांवरून एकाच धुराची दिशा मिळाली, तर नकाशावरच्या दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग. मग कक्ष (जंगलाचा आखून दिलेला भाग) क्रमांक सांगून टोळी निघते आणि जाळरेषेच्या, म्हणजे आग अडावी म्हणून आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्याच्या, आधाराने, हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवते. दिशा कळवण्याइतकेच धूर ओळखणेही महत्त्वाचे. मोहाखालचा धूर पातळ असतो आणि एका जागी रेंगाळतो. पसरत्या आगीचा धूर रुंदावत जातो. दुपारची वावटळ लांबून धुरासारखी दिसते, पण मातकट असते, जागा बदलते आणि विरून जाते. हे ज्ञान नजरेचे आहे, सहसा कोणी लिहून ठेवत नाही.

२००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या माहितीवरून वणव्यांची सूचना देते. पुढे ३७५ मीटर विभेदनाचा (चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा) व्हीआयआयआरएस हा उपग्रहावरचा संवेदक वापरात आला आणि सूचना मोबाइलवर मिळू लागल्या. तरी उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. मधल्या काळात लागून विझलेली किंवा फार लहान आग त्याच्या नजरेतून सुटू शकते, म्हणून मनोऱ्यावरच्या माणसाचे काम संपलेले नाही.

अमेरिकेत १९१० च्या वणव्यांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाल्यावर मनोऱ्यांचे जाळे वाढले. ते वापरातून जाऊ लागल्यावर त्यांच्या जतनासाठी १९९० मध्ये ‘फॉरेस्ट फायर लूकआउट असोसिएशन’ स्थापन झाली. आपल्याकडे १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारकाला किमान १०० वर्षे झालेली असावी लागतात. स्वातंत्र्यानंतरचे लोखंडी मनोरे त्यात बसत नाहीत. ताडोब्याच्या रस्त्याकडेचे गोंडकालीन दगडी खांब पर्यटकांना आवर्जून दाखवले जातात. दोर ओवून, घंटा वाजवून त्यांवरून निरोप धाडत, असे सांगतात. निरोपाचेच काम करणाऱ्या मनोऱ्याकडे मात्र त्या नजरेने पाहिले जात नाही, ही खंत आहे.

मनोऱ्याची नोंद करताना उंची, साहित्य, अक्षांश-रेखांश आणि कक्ष क्रमांक लिहितातच. लोखंडाचे सांधे, बोल्ट आणि जमिनीलगतचे पाय आधी गंजतात, लाकडाला उधई लागते. त्यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. सर्वांत निकडीची नोंद मात्र वरून काय दिसते याची. प्रत्येक दिशेला कोणती टेकडी, कोणता नाला, गावकरी त्यांना काय म्हणतात, धूर कुठे लपतो, हे निवृत्त वनरक्षक आणि जुन्या वॉचरांना शक्य तर मनोऱ्यापाशी नेऊनच विचारावे. कार्यालयात बसून ही नावे सुचत नाहीत. पर्यटनासाठी दुरुस्ती होताना जुनी शिडी आणि माचा बदलला जातो, म्हणून ही नोंद काम सुरू होण्याआधी व्हायला हवी. राखीव जंगलात जायला वन विभागाची परवानगी लागते. पावसाळा सरल्यावर, वणव्याचा हंगाम लागण्याआधी हवा स्वच्छ असते आणि वन कर्मचाऱ्यांनाही थोडी उसंत मिळते.