२५२० ही जगातली एकमेव संख्या नव्हे

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतो: १ ते १० या सगळ्या आकड्यांनी निःशेष भाग जाणारी एकच संख्या आहे, २५२०, ती रामानुजन यांनी शोधली आणि जगभरचे गणिती थक्क झाले.

भाग जातो, हे खरं. पण 'एकच' हे साफ चूक. २५२० ची दुप्पट करा, ५०४०. तिलाही १ ते १० ने भाग जातो. तिप्पट ७५६०, तिलाही. अशा संख्या अगणित आहेत. २५२० त्यांतली सर्वांत लहान, एवढंच. शाळेत शिकलेला लसावि तो हाच. ८, ९, ५ आणि ७ यांचा गुणाकार करून बघा: ७२ गुणिले ३५, बरोब्बर २५२०. ८ मध्ये २ आणि ४ आले, ९ मध्ये ३. ६ आणि १० आपोआप जमतात.

मेसेजमध्ये पुढे असंही असतं: आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० × वर्षाचे १२ महिने म्हणजे २५२०, हेही बरोबर. पण त्यात गूढ काही नाही. ३० आणि १२ हे मुळातच २, ३, ५ पासून बनलेत, ७ वेगळा मिळाला.

शोधाचं म्हणाल तर ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच ५०४० चा हाच गुण लिहून ठेवला होता. रामानुजन यांचं खरं काम याहून कितीतरी खोल आहे. आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये मोठा शोधनिबंध लिहिला. ४८ विभाजकांची २५२० त्याच कुळातली.