तर, ओटागो सुवर्णक्षेत्रातील

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटागो प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लूथा नदी व तिच्या उपनद्या ओलांडण्यासाठी चालवलेली नौकासेवा (तर = नदी पार करून देणारी नाव). यात साध्या वल्ह्याच्या नावा, दोराला बांधलेले पडाव आणि प्रवाहाच्या जोरावर चालणारे ‘पंट’ (रुंद, सपाट नौका) या तिन्हींचा समावेश होतो.

क्लूथाची लांबी सु. ३३८ किमी. असून पाण्याच्या प्रमाणाच्या दृष्टीने ती न्यूझीलंडमधील सर्वांत मोठी नदी आहे. सरासरी विसर्ग सेकंदाला सु. ६०० घ.मी.हून अधिक. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी लोक तिला माता-आऊ म्हणत. ‘मोलिनो’ हे जुने इंग्रजी नाव इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या जहाजावरील अधिकाऱ्यावरून मुखाजवळच्या उपसागराला मिळाले व तेच पुढे नदीलाही चिकटले. माओरी लोक ही नदी ओलांडत ते राउपो नावाच्या लव्हाळ्याच्या मोळ्या बांधून केलेल्या ‘मोकिही’ तराफ्यांवर. तराफा वापरून झाला की काठावरच टाकून देत, त्यामुळे कायमची तर अशी सोय त्या काळी नव्हती.

वसाहतीतील पहिली महत्त्वाची तर सोन्याच्या आधीची आहे. जेम्स मॅकनील या स्कॉटिश वसाहतकाराच्या शेताजवळ प्रांतिक सरकारच्या साहाय्याने सु. १८५७ मध्ये ती सुरू झाली. या ठिकाणी पुढे वसलेल्या गावाला प्रथम ‘क्लूथा फेरी’ असेच म्हणत. आजचे बालक्लूथा ते हेच. मे १८६१ मध्ये गॅब्रिएल रीड या खाणशोधकाला तुआपेका भागात सोने सापडले. ऑगस्ट १८६२ मध्ये हार्टली व रायली या दोघांनी डनस्टन घळीतून काढलेले ८७ पौंड सोने प्रांताची राजधानी डनीडिनमध्ये जमा केले, आणि खाणकामगारांचा ओघ थेट नदीच्या वरच्या खोऱ्याकडे वळला. प्रांताची लोकसंख्या १८६१ मधील सु. १३,००० वरून दोनतीन वर्षांत सु. ६०,००० पर्यंत गेली. मध्य ओटागो जवळजवळ वृक्षहीन. वानाका सरोवराकडच्या जंगलातील ओंडके तराफे करून प्रवाहाबरोबर खाली सोडावे लागत. अशा प्रदेशात पुलासाठी इमारती लाकूड गोळा करणे म्हणजे आधी नदीच पार करणे होते. साहजिकच क्लाइड, अलेक्झांड्रा, क्रॉमवेल, बोमाँट यांसारख्या ठिकाणी सुरुवातीची वर्षे नावेवर व पंटवर निघाली. १८६३ च्या हिवाळ्यातील पूर व हिमवादळे यांत बरेच खाणकामगार दगावले.

प्रवाहचलित पंटचे तंत्र व मूळ : दोन्ही काठांवरील खांबांना ताणून बांधलेली तारदोरी नदीवर आडवी असते. तिच्यावरून धावणाऱ्या कप्पीला पंट दोन दोरांनी जोडलेला असतो, एक पुढच्या टोकाला व एक मागच्या. पुढचा दोर आखडून मागचा सैल सोडला (काही ठिकाणी मोठे सुकाणू वळवून) की नौकेचे अंग प्रवाहाशी तिरके होते. पाण्याचा दाब त्या तिरक्या अंगावर पडतो. तारदोरी नौकेला खाली वाहू देत नाही, म्हणून दाबाचा उरलेला घटक तिला दोरीच्या दिशेने पलीकडे ढकलतो. परतताना कोन उलटा करायचा, एवढेच. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे मध्यधारेत पंट झपाट्याने जातो, काठाजवळच्या संथ पाण्यात रेंगाळतो, आणि पुरात मात्र तीच शक्ती दोरी तोडू पाहते. घोडागाडी चढवता यावी म्हणून दोन लांबट होड्या समांतर ठेवून त्यांवर फळ्यांचा तक्ता टाकत.

या तंत्राच्या उगमाबद्दल एकमत नाही. इटलीतील आद्दा नदीवरील फेरीचे श्रेय लोकपरंपरा लिओनार्दो दा व्हिंचीला देते, सु. १५१३ च्या त्याच्या एका रेखाटनात त्या नदीवरची दोरीची नाव दिसते खरी, परंतु डोळ्यांपुढची वस्तू रेखाटणे आणि ती शोधून काढणे यांत अंतर आहे. दुसरे मत हेंड्रिक हेउक या डच कारागिराने १६५७ मध्ये नायमेखेन येथे चालू केलेल्या फेरीला अग्रमान देते. तीत मात्र आडवी दोरी नव्हती. वरच्या अंगाला नदीपात्रात रोवलेल्या नांगराला लांब दोराने बांधलेली नौका लंबकासारखी या काठावरून त्या काठाला झुलत असे. कालनिश्चितीच्या दृष्टीने हे मत अधिक सुरक्षित आहे, पण ओटागोतील पंटचे पूर्वज शोधायचे तर आडव्या दोरीच्या प्रकाराकडेच पाहावे लागते. ओटागोत आलेले अनेक खाणकामगार ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाच्या सुवर्णक्षेत्रांतून आले होते. तिकडच्या संथ मरी नदीवरील पंट हाताने रहाट फिरवून ओढत, त्यामुळे दोरी व पडाव यांची सवय तिथून आली आणि प्रवाहाचा उपयोग क्लूथाच्या वेगामुळे सुचला, असे मानणे सयुक्तिक वाटते.

नियमन : सुवर्णक्षेत्रांचा कारभार १८६२ पासून व्हिन्सेंट पाइक या आयुक्ताकडे व त्याच्या हाताखालील वॉर्डनांकडे होता. वॉर्डन हा दंडाधिकारीही असे. वसाहतकालीन तरींची सर्वसाधारण पद्धत मक्त्याची होती : सरकारने घाट ठरवायचा, ठरावीक मुदतीचा मक्ता द्यायचा, माणूस, घोडा, गाडी, मेंढरे यांचे दर जाहीर करायचे आणि मक्तेदाराने जादा आकारणी केल्यास दंड करायचा. मोबदल्यात मक्तेदाराला त्या टापूत एकाधिकार मिळे. रोकड कमी व नद्या अनेक असलेल्या सरकारला ही व्यवस्था सोयीची होती. गर्दीच्या घाटावर ती मक्तेदारालाही सोयीची होती, इतकी की पूल येणे त्याला परवडणारे नसे. १८७६ मध्ये प्रांत रद्द झाल्यावर ही जबाबदारी मुख्यतः नव्या काउंटी मंडळांकडे (स्थानिक स्वराज्य संस्थांकडे) गेली.

ऱ्हास : बालक्लूथा येथे १८६८ मध्ये पूल झाला. १८७८ च्या हिवाळ्यात पडलेले भरपूर बर्फ वसंतात वितळून आलेल्या महापुराने तो व क्लाइड, रॉक्सबर्ग येथील पूलही नेले, आणि मोडीत निघालेल्या नावेला काही वर्षे पुन्हा काम मिळाले. नवे पूल हळूहळू झाले : बालक्लूथा १८८१, अलेक्झांड्रा १८८२, बोमाँट १८८७, मिलर्स फ्लॅट १८९९. तुआपेका माउथ येथील पंट मात्र १८९६ मध्ये, म्हणजे ऐन पुलांच्या काळात सुरू झाला. तिथे सोन्याइतकेच शेतीच्या वाहतुकीचे कारण असावे. हा प्रवाहचलित पंट एकविसाव्या शतकातही चालवला गेला असून दक्षिण गोलार्धात या प्रकारचा तो अखेरचा असल्याचे सांगतात. वरच्या खोऱ्यातील जुन्या घाटांपैकी लोबर्न व क्रॉमवेलकडील भाग क्लाइड धरणामुळे १९९२–९३ मध्ये भरलेल्या डनस्टन सरोवराखाली गेला.