समन्यायी भागीदारीसाठी सहाध्ययन गट

विद्यापीठ किंवा महाविद्यालय जेव्हा गाव, वस्ती, बचत गट किंवा संघटना यांच्यासोबत काम करते, तेव्हा व्यवहार न्याय्य कसा ठेवावा हे कर्मचाऱ्यांनी एकमेकांच्या अनुभवांतून शिकण्यासाठी नियमित जमणारा छोटा गट. त्यात व्याख्याता नसतो आणि परीक्षाही नसते. प्राध्यापक, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, विस्तार विभागातील कर्मचारी, ग्रंथपाल असे सात-आठ जण पुरतात. लेखा विभागातला माणूस मात्र हवाच. गावातल्या वाटाड्याला मानधन खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली आणि किती दिवसांत मिळणार, हे शेवटी त्याच्याच टेबलावर ठरते.

‘समन्यायी’ हा शब्द नाशिककरांना पाण्यामुळे ओळखीचा आहे. गंगापूर आणि दारणा धरण समूहांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्याचा वाद ज्या तरतुदीवरून दर काही वर्षांनी पेटतो, ती २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातली. खोऱ्यात तूट असेल तर तिची झळ सर्वांनी वाटून घ्यावी, हा तिचा गाभा. भागीदारीलाही हीच कसोटी लावता येते. सर्वेक्षण लांबले, निधी उशिरा आला, अभ्यासातून काहीच हाती लागले नाही, तर झळ कोणाला बसते? प्राध्यापकाचा पगार चालू राहतो आणि शोधनिबंध पदोन्नतीच्या प्रस्तावाला जोडला जातो. मुलाखतीसाठी थांबलेल्या मजुराचा रोज मात्र बुडतो. सहाध्ययन गटाचे निम्मे काम या एका हिशेबाभोवती फिरते.

पद्धतीचे मूळ एका ठिकाणी दाखवता येत नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक रेग रेव्हन्स यांनी १९४० च्या दशकात ब्रिटनमधील कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना एकत्र बसवून एकमेकांच्या अडचणी सोडवायला लावल्या. कृतिशील अध्ययनाची परंपरा तिथून सांगितली जाते. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये अनुभवी लोकांसोबत काम करता करता होणाऱ्या शिक्षणाची मांडणी केली. भारतात राजेश टंडन यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या ‘प्रिया’ या संस्थेने सहभागी संशोधनाचा, म्हणजे ज्यांच्याविषयी अभ्यास त्यांनाही त्यात सामील करून घेण्याचा, विचार रुजवला. नाशिक जिल्ह्यात यासारखे काही आधीपासून आहे, आणि मला ते अधिक जवळचे वाटते. प्राथमिक शिक्षकांची केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद हे एक. द्राक्ष बागायतदारांची शिवारफेरी हे दुसरे: बागायतदार एकमेकांच्या बागेत हिंडतात, डावणी या बुरशीजन्य रोगाचा प्रादुर्भाव झालेली ओळ लपवत नाहीत आणि काय चुकले ते वेलीसमोर उभे राहून बोलतात. विद्यापीठांत अशी ओळ दाखवण्याची सवय कमी आहे.

गट साधारण महिन्यातून एकदा, दीड तासासाठी बसतो. एक जण आपल्या चालू कामातली एक खरी अडचण मांडतो. बाकीचे आधी फक्त प्रश्न विचारतात. सल्ल्याची पाळी नंतर येते. शेवटी तो पुढच्या बैठकीपर्यंत काय करणार ते सांगतो आणि पुढची बैठक तिथूनच सुरू होते. बोललेले गटाबाहेर जात नाही. हा नियम शिष्टाचारापुरता नाही: गावात प्रत्यक्ष फिरणारा बहुधा तासिका तत्त्वावरचा अध्यापक असतो आणि प्राचार्य समोर बसले की तो गप्प होतो. म्हणून ज्याच्या हातात नेमणूक आहे, त्याचा गट वेगळा ठेवतात.

नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) ही दोन राज्यव्यापी विद्यापीठे आहेत. शिवाय मराठा विद्या प्रसारक समाज (१९१४) आणि गोखले एज्युकेशन सोसायटी (१९१८) यांची जुनी महाविद्यालये. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरचे आदिवासी पाडे, दिंडोरी-निफाडचे द्राक्षपट्टे आणि मालेगावचे यंत्रमाग एकाच जिल्ह्यात असल्यामुळे गटापुढे येणारे प्रश्नही फार वेगवेगळे. ऑक्टोबरात द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, सुरू होते आणि पेठ-सुरगाण्यातली कामकरी माणसे बागांवर जातात. त्या महिन्यात पाड्यावर सर्वेक्षण केले तर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटतात, आणि अहवालात गाव तसेच दिसते. प्रश्नावली प्रमाण मराठीत असते. उत्तर देणारी बाई कोकणा बोली किंवा अहिराणी बोलत असते. ‘जमीन किती?’ हा साधा वाटणारा प्रश्न कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्काचा दावा प्रलंबित असलेल्या घरात साधा राहत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत वनजमिनीचा प्रश्न अग्रभागी होता, एवढे आठवले तरी सर्वेक्षकापुढे घरमालक का अडखळतो ते कळते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीसाठी रक्त घेतले असेल, तर अहवाल त्या घरी पोचला का, कोणी समजावून सांगितला का, हेही गटात विचारले जावे.

शब्दही तपासावे लागतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आणि उन्नत भारत अभियान २०१४ पासून महाविद्यालयांना गावांशी जोडत आले आहे, आणि आपण सर्रास ‘दत्तक गाव’ म्हणतो. दत्तक घेणारा पालक ठरतो, घेतला जाणारा मूल. शेकडो वर्षे नांदलेल्या गावाला हे नाते लावताना गावाला विचारलेले नसते. याउलट दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी पाटबंधारे खात्याशी लेखी करार केले, पाणी मोजून घेतले आणि पट्टी स्वतः वसूल केली. दोन्ही बाजूंची कर्तव्ये कागदावर असली की काय बदलते, हे समजून घ्यायला वाघाडचे शेतकरी उत्तम शिक्षक आहेत.

या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचे तेच खोलीत नसणे. त्यावर ठरावीक बैठकांना गावातील भागीदारांना मानधन आणि प्रवासखर्च देऊन बोलावतात. प्रत्येक बैठकीला बोलावणे मात्र बरोबर नाही. तसे केले तर प्राध्यापकांच्या चुका दुरुस्त करण्याचे काम पुन्हा गावावरच पडते. दुसरा धोका महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठीच्या फायलीचा. छायाचित्र आणि उपस्थितीपत्रक एवढेच मागितले जाऊ लागले की अडचण मांडणारे थांबतात. नोंद ठेवायचीच तर बदलांची ठेवावी: सर्वेक्षणाची तारीख छाटणीनंतर नेली, कोऱ्या संमतीपत्रावर अंगठा घेणे बंद केले, अहवालाची मराठी प्रत ग्रामसभेत वाचली, आणि एका पाड्याने नको म्हटले तेव्हा तिथले काम थांबवले.