प्रवाळ मत्स्यालयातील पंपांची जागा व पाण्याचा प्रवाह

जिवंत प्रवाळ सांभाळणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्रातल्या लाटांचे आणि प्रवाहांचे काम पंप करतात. कोणता पंप कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला तोंड करून लावला आहे, यावर पाणी टाकीभर खेळते राहणार की खडकामागे तुंबणार हे ठरते. शौकिनांमध्ये चर्चा बहुधा पंपाच्या ताकदीची होते. त्याआधी जागेची व्हायला हवी. ताशी वीस हजार लिटर पाणी ढकलणारा पंप चुकीच्या जागी बसला तर समोरचे प्रवाळ अक्षरशः सोलून निघते आणि मागच्या कोपऱ्यातला गाळ जागचा हलत नाही. निम्म्या क्षमतेचा पंप नीट जागी असेल तर हे दोन्ही टळते.

प्रवाळाला प्रवाह का लागतो

प्रवाळ जागा सोडून हलू शकत नाही. प्राणवायू, क्षार आणि अन्नाचे कण पाण्यानेच त्याच्यापर्यंत आणायचे आणि टाकाऊ द्रव्येही पाण्यानेच न्यायची. त्याच्या अंगालगत पाण्याचा जवळजवळ स्थिर असा एक पातळ थर असतो, त्याला सीमास्तर म्हणतात. बाहेरचे पाणी जितके वेगाने वाहील तितका हा थर पातळ होतो आणि देवाणघेवाण सोपी होते. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले दिवसा भरपूर प्राणवायू सोडतात. सूक्ष्म संवेदकांनी मोजले असता उजेडात ऊतींच्या पृष्ठभागावरचा प्राणवायू संपृक्ततेच्या दुपटीच्याही वर जातो आणि अंधारात जवळजवळ शून्यावर येतो. पाणी साचलेले असेल तर ही दोन्ही टोके प्रवाळाला सोसावी लागतात. नाकामुरा आणि व्हॅन वोसिक या संशोधकांनी १९९८ च्या प्रवाळ विरंजनानंतर (तापलेल्या पाण्यात प्रवाळे आपली शैवाले गमावून पांढरी पडतात, त्यानंतर) जपानमधील ओकिनावातील प्रवाळांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. सारख्याच तापलेल्या पाण्यात जोरदार प्रवाहातली प्रवाळे मंद प्रवाहातल्यांपेक्षा चांगली तगतात, असे त्यात दिसले. उन्हाळ्यात टाकीचे पाणी तापते तेव्हा शीतकाबरोबर प्रवाहाकडेही पाहावे, ते यासाठीच.

प्रवाहाने प्रवाळाचा आकारही बदलतो. पॉसिलोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची एकच जात शांत पाण्यात बारीक, मोकळ्या फांद्या काढते, तर लाटांच्या माऱ्यात जाडजूड आणि आखूड वाढते. सार्कोफायटॉन हे मऊ प्रवाळ अधूनमधून पॉलिप (प्रवाळाचे फुलासारखे छोटे जीव) मिटून घेते आणि अंगावर मेणचट, चकाकती कात धरते. पुरेसा प्रवाह असेल तर ही कात काही दिवसांत फाटून वाहून जाते. नसेल तर ती अंगालाच चिकटून राहते, तिच्यावर शेवाळ धरते आणि खालची ऊती सडू लागते.

मागची वाटचाल

इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या ‘नैसर्गिक पद्धती’त पाणी हलवायला फक्त हवेचे बुडबुडे होते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी प्रवाळखडकाची छोटी परिसंस्था उभारली तेव्हा भरून आपोआप उलटणाऱ्या पात्राने लाट निर्माण केली. होनोलुलूच्या वाइकीकी मत्स्यालयाचे ब्रूस कार्लसन यांचे साधन याहून साधे होते: उंचावर ठेवलेली टाकी हळूहळू भरते, वक्रनळी सुरू होते आणि सगळे पाणी एका दमात खाली येते. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक मत्स्यालयात सुमारे २५ लाख लिटरच्या प्रवाळ टाकीला लाटयंत्रच जोडले होते. घरगुती टाकीत मात्र बराच काळ अरुंद तोंडाचे पॉवरहेड (पाण्यात बुडवून चालवायचे छोटे पंप) होते आणि त्यांची धार बागेतल्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबल्यासारखी निघे. या शतकात जर्मनीच्या टुन्झे कंपनीचे रुंद तोंडाचे पंखापंप, इकोटेकचे काचेबाहेर मोटर असलेले व्होर्टेक आणि पुढे लांब दंडगोलाचे जायर पंप आले, तशी मांडणीची पद्धतही बदलली.

आकडा आणि वेग

पंपांच्या एकूण ताशी क्षमतेला टाकीतल्या पाण्याने भागले की जो गुणक येतो, त्यावर खरेदी ठरवण्याची रीत आहे. मऊ प्रवाळांना १० ते २० पट, मोठ्या पॉलिपच्या शिलाप्रवाळांना (चुन्याचा कठीण सांगाडा असलेल्यांना) २० ते ३० पट, अ‍ॅक्रोपोरासारख्या लहान पॉलिपवाल्यांना ४० पट किंवा त्याहून जास्त, असे ढोबळमानाने सांगतात. १२०×६०×६० सेंमी. टाकीत काठोकाठ ४३२ लिटर पाणी मावते. खडक, वाळू आणि वरची रिकामी पट्टी वजा जाता ४०० लिटर धरू. ताशी ८,००० लिटरचे दोन वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारे पंप) लावले की गुणक ४० होतो. हा आकडा दुकानात जाताना उपयोगी आहे, पण पाणी प्रवाळापर्यंत पोहोचते की नाही, हे त्यातून कळत नाही.

पंपातून निघालेली धार पुढे जाताना बाजूचे स्थिर पाणी ओढून घेते, रुंदावते आणि मंदावते. गोल धारेच्या मध्यरेषेवरचा वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरतो: २० सेंमी.वर जो वेग आहे तो ४० सेंमी.वर साधारण निम्मा होतो. म्हणून पंपासमोर पहिल्या वीतभर अंतरात प्रवाळ ठेवू नये. प्रवाळापाशी खरा वेग किती आहे, हे घरच्या घरी पाहता येते. आर्टेमियाचा (माशांना खाऊ घालायच्या बारीक कोळंबीसारख्या जीवाचा) एखादा कण प्रवाळाजवळून २० सेंमी. जायला दोन सेकंद घेत असेल तर तिथला वेग सेकंदाला १० सेंमी. आहे.

मांडणी

सुरुवात पंपापासून नाही, खडकांपासून करावी. लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेला सच्छिद्र खडक) मागच्या काचेला भिंतीसारखा टेकवला तर पाण्याला परतीची वाट राहत नाही आणि मग कितीही पंप लावले तरी मागे गाळ साठतो. खडकांची एक-दोन मोकळी बेटे करून सर्व काचांपासून पाच ते आठ सेंमी. जागा सोडली, की पाण्याला फिरायला वाट मिळते आणि काच घासायचा चुंबकही आत जातो. हे एवढे जमले तर निम्मे काम झाले.

मग टाकीच्या एका अरुंद बाजूला, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, लांबीच्या दिशेने तोंड करून पंप लावावा. पाणी पृष्ठभागालगत समोरच्या काचेपर्यंत जाते, तिथे खाली वळते आणि तळावरून परत येते. संपूर्ण टाकीचे पाणी असे एका चक्रात फिरू लागले की पंपाला फक्त ती गती टिकवायची असते. म्हणून थोड्या विजेत जास्त पाणी हलते. समोरच्या बाजूला दुसरा पंप ठेवून दोघांना आळीपाळीने चालवले तर चक्राची दिशा उलटते आणि प्रवाळाच्या दोन्ही अंगांना पाणी मिळते. लांबट टाकीसाठी याहून चांगली मांडणी क्वचितच सापडेल.

दोन्ही पंप एकाच वेळी चालवायचे असतील तर ते एकमेकांच्या अगदी समोरासमोर, एकाच उंचीवर आणि सारख्या जोराने नसावेत. धारा मधोमध भिडतात, एकमेकींना अडवतात आणि बरोबर त्या जागी वाळूवर तपकिरी गाळाची पट्टी साचते. एक पंप थोडा वर, दुसरा थोडा खाली आणि दोघांचीही तोंडे पाहणाऱ्याकडच्या काचेकडे किंचित वळवलेली असली, तर धारा काचेवर आपटून फुटतात आणि प्रवाळांपर्यंत खळबळते, दिशा बदलते पाणी पोहोचते. प्रवाळांना हवे ते हेच. एकाच बाजूने अखंड येणारी धार अ‍ॅक्रोपोरालाही सोसत नाही, त्या अंगाची ऊती मागे सरकते आणि पांढरा सांगाडा उघडा पडतो.

उंचीचेही गणित आहे. पंप पृष्ठभागाच्या फार जवळ असेल तर भोवरा धरून हवा ओढतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे होतात. फार खाली असेल तर वाळू उडवून तळाची काच उघडी पाडतो. लाटेच्या पद्धतीत पंप ठरावीक लयीने चालू-बंद होतो. ही लय टाकीच्या स्वतःच्या हिंदकळण्याशी जुळली की लहान पंपही सगळे पाणी डोलवतो. वरच्या मापाच्या टाकीत ५० सेंमी. पाणी असेल तर हा काळ सुमारे १.३ सेकंद येतो. दृश्य सुंदर दिसते, पण स्टँड आणि सिलिकॉनचे सांधे यांवर ताण येतो. डळमळत्या स्टँडवर हा प्रयोग करू नये.

प्रवाळांच्या जागा प्रवाह पाहून ठरवाव्यात. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा वर आणि उघड्यावर. टॉर्च, हॅमर यांसारखी युफिलिया मधल्या टप्प्यात, जिथे त्यांचे लांब पॉलिप डोलतील पण सांगाड्याच्या धारदार कडेवर घासणार नाहीत. डिस्कोसोमासारखी मशरूम प्रवाळे खाली, खडकाच्या आडोशाला. समुद्रफूल पाळले असेल तर पंपाला जाळी हवीच, कारण ते जागा बदलत फिरते आणि पंख्यात ओढले गेले तर चिंधड्या होऊन साऱ्या टाकीचे पाणी नासते.

परतीचा पंप

सम्पमधून (मुख्य टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतून) पाणी वर आणणारा रिटर्न पंप मुख्यतः गाळणीसाठी असतो. ताशी तीन ते दहा पट पुरे. त्याचे तोंड पृष्ठभागावरचा तेलकट थर ओव्हरफ्लोकडे (पाणी सम्पमध्ये उतरण्याच्या वाटेकडे) ढकलेल अशा दिशेला असावे. ते किती खोल आहे, याकडे मात्र नीट लक्ष द्यावे. वीज गेली की याच नळीतून पाणी उलटे सम्पमध्ये उतरते आणि तोंड हवेत उघडे पडेपर्यंत थांबत नाही. १२०×६० सेंमी. टाकीत पातळी एक सेंमी. उतरली म्हणजे ७.२ लिटर; तोंड १० सेंमी. खोल असेल तर ७२ लिटर पाणी सम्पमध्ये येते आणि तिथे जागा नसेल तर जमिनीवर. म्हणून तोंड पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंमी.च ठेवतात, किंवा नळीला पृष्ठभागालगत बारीक छिद्र पाडतात. ते छिद्र शेवाळाने बुजते, तेव्हा त्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नये. टाकी भरल्यावर मुद्दाम वीज बंद करून पाणी कुठवर येते ते एकदा पाहून घ्यावे.

पारख आणि देखभाल

मांडणी बरोबर आहे का, हे गाळ सांगतो. पंप लावून एक-दोन दिवस काही न हलवता थांबावे आणि गाळ कुठे बसला आहे ते पाहावे. मोठ्या सिरिंजने खडकावर पाणी मारले की लपलेला धुरळा उडतो. रोज त्याच जागी उडत असेल तर तिथे प्रवाह पोहोचत नाही. वाळूवर लाल-जांभळा चिकट सायनोबॅक्टेरियाचा थर धरणे हे पाण्यातल्या वाढलेल्या पोषकद्रव्यांचेही लक्षण आहे, पण तो बहुधा मंद जागीच पहिल्यांदा दिसतो. जागा एका वेळी थोडीच बदलावी आणि पुन्हा थांबावे.

एकदा जमलेली मांडणी कायमची नसते. अ‍ॅक्रोपोराची झुडपे वाढली की प्रवाहाला स्वतःच आड येतात आणि आतल्या फांद्या उपाशी राहतात. पंखे आणि जाळ्यांवर चुन्याचे थर व गुलाबी कोरॅलिन शैवाल चढते, पंपाचा जोर हळूहळू उतरतो आणि रोज पाहणाऱ्याला ते कळतही नाही. तीन-चार महिन्यांनी पंप सायट्रिक आम्लाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये चालवून स्वच्छ करावेत. साफ केलेला पंप एकदम पूर्ण जोराने पाणी फेकतो, म्हणून लावताना वेग कमी करून वाढवत न्यावा.

मालवणच्या समुद्रातही प्रवाळे आहेत आणि तिथले सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. शिलाप्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने आपल्या किनाऱ्यावरून त्यांचा तुकडाही उचलणे गुन्हा आहे. टाकीसाठी तिथे हात घालू नये. डुबकी मारून नुसते पाहिले तरी लाटांचे पाणी प्रवाळावर कसे येते-जाते, याची चांगली कल्पना येते.

जिथे वीज वारंवार जाते, तिथे निदान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर असावा. तो पृष्ठभाग ढवळेल असाच लावावा, कारण वीज गेल्यावर पहिली टंचाई प्राणवायूची होते आणि रात्री, शैवालांकडून प्राणवायू मिळत नसताना, ती सर्वांत लवकर जाणवते. डीसी पंप अशा वेळी कमी वेगावर तासन्‌तास चालतात.