मेंदूची इजा, बालवयातील

जन्मानंतर अपघाताने किंवा आजाराने मेंदूला झालेली हानी. उंचावरून पडणे, वाहनांचे अपघात, खेळताना बसलेला मार, तान्ह्या बाळाला जोरजोरात हलवणे ही आघाताची कारणे. मेंदुज्वर, पक्षाघात, मेंदूतील गाठ, बुडताना प्राणवायू न मिळणे यांमुळेही अशी हानी होते. जन्मजात बौद्धिक अक्षमतेपेक्षा ही अवस्था वेगळी. इथे इजेआधी मूल कसे होते हे घरच्यांना आठवत असते आणि थोड्या मोठ्या मुलाला तर स्वतःलाही.

पहिल्या काही तासांतील गांभीर्य ग्लासगो कोमा मापनश्रेणीने ठरवतात. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या श्रेणीत ३ ते १५ गुण असतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे तीव्र इजा. मात्र ही श्रेणी शुद्धीचे मोजमाप करते. पुढे सातवी-आठवीत गणित झेपेल का, हे ती सांगत नाही. सौम्य इजेत सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, म्हणून ‘काही झालेले नाही’ असा समज होतो.

लहान मेंदू लवकर भरून येतो, ही समजूत जुनी आहे. मार्गारेट केनार्ड यांच्या १९३०च्या दशकातील माकडांवरील प्रयोगांनी तिला बळ मिळाले. पुढील संशोधनाने चित्र बदलले. मेंदूला सर्वदूर इजा झाली असेल, तर जी कौशल्ये अजून उमललेलीच नाहीत त्यांनाही फटका बसतो. नियोजन, संयम, एका वेळी अनेक गोष्टी सांभाळणे ही कामे पाहणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. त्यामुळे पाचव्या वर्षी मार लागलेले मूल प्राथमिक शाळा सहज पार करते आणि विषयवार शिक्षक, प्रकल्प, वेळापत्रक सुरू झाले की कोलमडते. तोवर तो अपघात शाळेत कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. उरतो तो आळशीपणाचा शिक्का.

आधी शिकलेले बऱ्याचदा शाबूत राहते, हीच शिक्षकांची मोठी फसगत. मूल अस्खलित वाचते, बोलते छान, पण नवा धडा डोक्यात टिकत नाही. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणते, कारण आपल्याला समजलेले नाही याचे भानही इजेने कमी झालेले असू शकते. काल सोडवलेले उदाहरण आज अडते. त्यामागे अनेकदा थकवा असतो, आणि हा थकवा रात्रीच्या झोपेने पुरता जात नाही.

घर आणि शाळा यांच्यातला एक वाद ठरलेला असतो. शाळा म्हणते, इथे मूल शांत असते. पालक म्हणतात, घरी आल्यावर आदळआपट करते. दोघेही खरेच बोलत असतात. दिवसभर प्रयत्नपूर्वक सांभाळलेला तोल घरात, सुरक्षित जागी सुटतो.

वर्गात सूचना एका वेळी एक आणि लिहून द्यावी, गृहपाठ कमी करावा, वेळ वाढवून द्यावा आणि मूल थकण्याआधीच विश्रांती द्यावी. स्मरणशक्ती फार बाधित असेल तर ‘आधी अंदाज कर’ ही एरवी उत्तम असलेली पद्धत उलटू शकते. चुकीचे उत्तरच मनात रुजते. अशा वेळी बरोबर उत्तर आधी दाखवून तेच गिरवून घेतात.

डोक्याला सौम्य मार बसल्यावर एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती (हलकी हालचाल चालू ठेवून आराम) पुरते; आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत ठेवण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. अभ्यास हळूहळू सुरू करतात, पूर्ण खेळ त्यानंतर आणि डॉक्टरांच्या संमतीने. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसणे धोक्याचे. मध्येच शून्यात पाहत राहणे हे दुर्लक्ष नसून अपस्माराचा झटकाही असू शकतो. शिक्षकाची अशी नोंद डॉक्टरांना उपयोगी पडते.

केवळ बुद्ध्यंकाच्या चाचणीवर विसंबणे बरे नव्हे. शांत खोली, समोर एकच परीक्षक, मुद्देसूद प्रश्न. अशा स्थितीत हे मूल चांगले गुण मिळवते. चाळीस मुलांच्या गोंगाटात, तिसऱ्या तासाला, फळ्यावरचे उतरवून घेताना तेच मूल कसे वागते हे शिक्षकालाच दिसते. म्हणून मूल्यमापनाला वर्गातील निरीक्षणांची जोड देतात आणि शाळेचा टप्पा बदलला की ते पुन्हा करतात.